आधी माझी झडती घ्या

मी माझ्या या हातांनी एकदा पोलीस इन्स्पेक्टरची झडती घेतली आहे. त्याचा कोट, त्याचे खिसे, त्याच्या पागोट्याची घडी, सगळं तपासलं. तेव्हा मी दरोडेखोर नव्हतो आणि प्यालेलोही नव्हतो. म्हैसूर ते हेग्गडदेवनकोटे या रस्त्यावर सर्व्हिस मोटार चालवणारा साधा ड्रायव्हर होतो, आणि झडती घे म्हणून मला त्या इन्स्पेक्टरनेच सांगितलं होतं. इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की अंगावर काटा येतो. भीतीचा नव्हे, नवलाचा.

संपादकांचा निरोप असा की दिवाळी अंकासाठी 'मोटारीच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल' काहीतरी लिहा. लिहितो. आमचं घराणं म्हैसूरच्या घोडदळातलं. आजोबांच्याही आधीपासून आम्ही इथलेच, त्यामुळे आमच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की ते वेगळं काढायला गेलं तर घरात बोलायला काही उरणार नाही. चुका आढळल्या तर सांभाळून घ्यावं.

आताच्या लोकांना मोटार म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण तेव्हाची मोटार सांगावी लागेल. गाडीला काचा नव्हत्या, बाजूंना गुंडाळून ठेवायचे कॅनव्हासचे पडदे होते. समोरून लोखंडी हँडल मारून ती सुरू करायची, आणि हँडल उलटं फिरलं की मनगट गेलंच. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली. उतारूंना आधी खात्री हवी असायची की वाटेत पेट्रोल संपणार नाही, म्हणून दर थांब्याला मी खाली उतरायचो, गादी उचलायचो आणि टाकीत बांबूची काठी बुडवून ओल किती आली ते सगळ्यांना दाखवायचो. देवाचं तीर्थ दाखवावं तसं. आणि चढावर टाकीत पेट्रोल कमी असेल तर ते इंजिनापर्यंत पोचत नसे. मग गाडी वळवायची आणि तोंड खाली, पाठ वर करून रिव्हर्समध्ये चढ चढायचा. पहिल्यांदा बसलेले लोक हात जोडून देवाचं नाव घ्यायचे. मी वरकरणी हसायचो, पण खरं सांगतो, मलाही दर वेळी आश्चर्यच वाटायचं. बैल नाही, घोडा नाही, आणि माझ्या पायाच्या दाबावर पंधरावीस माणसं डोंगर चढताहेत!

गिऱ्हाइकंही तशीच. गंगव्वा नावाची विड्याची पानं विकणारी एक बाई होती. टोपली घेऊन चढायच्या आधी ती रेडिएटरला कुंकू लावायची आणि गरम पितळेचा चटका बसला की गाडीलाच शिव्या द्यायची. एक गौडा, म्हणजे गावचे पाटील, होते, त्यांना डावीकडून कोल्हा गेलेला चालायचा नाही, उजवीकडून गेला तर मला बक्षीस. मी त्यांना दर खेपेला सांगायचो, 'आत्ताच उजवीकडून गेला बघा, तुमचं लक्ष नव्हतं.' एकदा तर कोट्याच्या, म्हणजे हेग्गडदेवनकोट्याच्या, अलीकडच्या जंगलात हत्तींचा कळप रस्त्यात उभा राहिला. इंजिन बंद करून आम्ही सगळे श्वास धरून बसलो. एक पिल्लू आलं, भोंग्याचा रबरी फुगा सोंडेनं चाचपला, आणि भोंगा वाजल्यावर आमच्याहून जास्त तेच दचकलं.

आता चौकीचं सांगतो. कोट्याच्या रस्त्यावर, नदीच्या अलीकडे, आडवा बांबू टाकलेली एक चौकी होती. ती कशासाठी? चंदनासाठी. म्हैसूर संस्थानात चंदनाचं झाड सरकारचं. तुमच्या परसात उगवलं तरी ते महाराजांचं, तुम्ही फक्त त्याचे राखणदार. चोरटी तोड फार चाले, म्हणून जंगलाकडून येणारी प्रत्येक गाडी अडवायची. चौकीवरचा दफेदार, म्हणजे पोलिसांतला हवालदार, गाठोडी हुंगत फिरायचा. लग्न करून परतणारा एक नवरामुलगा अंगाला चंदनाची उटी लावून बसला होता, तर त्याला खाली उतरवून मानेपासून कोपरापर्यंत हुंगलं. नवरी पदराआड हसत होती.

पण हा दफेदार नुसता हसण्यासारखा माणूस नव्हता. हे आमच्या घराला फार आधी कळलं होतं.

माझ्या आधी ही गाडी माझा थोरला भाऊ माधवराव चालवायचा. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. मला हँडल मारायला, गिअर टाकायला त्यानंच शिकवलं. दफेदार त्याच्या गाडीवर म्हैसुरात कुणाकडे तरी पोती पाठवू लागला. नाचणी आहे म्हणायचा. अण्णानं एक पोतं उचललं आणि म्हणाला, "नाचणी इतकी जड नसते. उघडून दाखवा, मग नेतो." पोतं परत गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी अण्णा चौकीवर ड्रायव्हरच्या परवान्याचा बिल्ला दाखवायला आत गेला असताना दफेदारानं गाडीवर चढून बैठकीची गादी उचलली, आणि खालून चंदनाच्या गाभ्याचा हातभर लांब तुकडा काढून सगळ्यांसमोर नाचवला. तो तिथं कसा आला हे कुणी पाहिलं नव्हतं. अण्णाला कैद झाली आणि बिल्ला गेला तो कायमचा.

आमचे आप्पा, म्हणजे वडील, महाराजांच्या घोडदळात सवार होते. सगळं आयुष्य राजाच्या दौलतीचं रक्षण करण्यात गेलेलं, आणि मुलावर राजाचं झाड चोरल्याचा आळ. अण्णा सुटून आला तेव्हा आप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. 'तू केलंस का?' एवढंसुद्धा नाही. नुसते उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. अण्णा परत फिरला तो पुन्हा आमच्या घरी आला नाही. जटक्यांच्या, म्हणजे टांग्यांच्या, अड्ड्यामागे एक खोली घेऊन घोड्यांची खरारा-मालीश करू लागला. म्हैसुरात राहून बाप-लेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

गाडीच्या मालकांना, सावकारांना, दुसरा शिकलेला ड्रायव्हर मिळेना, म्हणून गाडी माझ्याकडे आली. दफेदारानं मलाही पोत्यांचं विचारलं. अण्णासारखा सरळ नकार द्यायची छाती मला नव्हती. 'टपावर जागाच नाही हो, स्वामी, बघा की!' असं म्हणत मी दिवस ढकलले. एकदा तर जागा भरावी म्हणून रिकाम्या टोपल्या बांधून नेल्या. पण त्यालाही समजायचं ते समजत होतं. पुढं पुढं तो माझ्याशी हसून बोलू लागला, तेव्हा माझी झोप उडाली. बायको म्हणायची, "साकू, पुरे ही नोकरी. सोडून द्या की." सोडून खायचं काय?

दसऱ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. गाडी कोट्याहून निघाली तीच खचाखच भरून. महाराजांची मिरवणूक बघायला निघालेली माणसं, कोंबड्या, झेंडूच्या माळा, गंगव्वा आणि तिची टोपली. सकाळचं ऊन चढलेलं. चौकीवर आलो तर बांबू आडवा, आणि दफेदार रस्त्याच्या मधोमध उभा. इतक्या उन्हात खांद्यावर जाड कांबळं. ते कांबळं पाहिलं आणि मी काय ते समजलो.

"बातमी आलीय, शंकररायरे," तो मला मोठ्यानं म्हणाला. "या गाडीत श्रीगंध आहे, चंदन. बिल्ला घेऊन आत जा. मी गाडी बघतो."

अगदी अण्णासारखंच. मी आत गेलो की तो गादी उचलणार. आणि नाही कसं म्हणायचं? पोलिसाला ड्रायव्हरनं नाही म्हणायचं असतं हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी खाली उतरलो.

तेवढ्यात चौकीतून दुसराच एक माणूस बाहेर आला. बारीक अंगाचा, चष्मा लावलेला, खाकी कोट, डोक्याला पागोटं. बेंगळुराहून नवीन आलेले इन्स्पेक्टर. दसऱ्याच्या गर्दीत चंदन फार निघतं म्हणून तपासणीला आले होते. ते येणार हे दफेदाराला ठाऊक असावं. साहेबासमोर चोर पकडून दाखवायचा त्याचा बेत असणार.

"थांबा," इन्स्पेक्टर म्हणाले. "पंच कुठे आहेत?"

"पंच कशाला, बुद्धी? मी आहे की." दफेदार म्हणाला. 'बुद्धी' म्हणजे इकडचं 'साहेब'.

"तुम्ही झडती घेणारे. बघणारे कोण? गावातली दोन भली माणसं बोलवा."

दफेदार जागचा हलला नाही. इन्स्पेक्टरांनी शिपायाला धाडलं. तो सिद्धेगौडा नावाच्या शेतकऱ्याला आणि मुद्दाचारी लोहाराला घेऊन आला. लोहाराला पाहून मी आणखी घाबरलो. मोटारी आल्यापासून बैलगाड्यांच्या चाकांना धावा बसवायचं त्याचं काम कमी झालं होतं, आणि माझी गाडी दिसली की तो रस्त्यावर थुंकायचा.

मग इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "ड्रायव्हर कोण? तुम्ही? या इकडे." त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "आधी माझी झडती घ्या."

मला वाटलं, माझी काही चूक होऊन साहेब टोचून बोलताहेत. मी पागोटं तसंच हातात धरून उभा.

"घ्या," ते म्हणाले, आणि दोन्ही हात वर करून माझ्यासमोर उभे राहिले. "मी तुमच्या गाडीत शिरणार. शिरताना माझ्यापाशी काही नाही, हे तुम्हाला आणि या पंचांना दिसलं पाहिजे. नाहीतर आत काही सापडलं तर ते कुणाचं, हे कोण सांगणार?"

बोलणं सगळं कन्नडात चाललं होतं. मी इथे मराठीत लिहितोय, पण त्यांचा आवाज अजून माझ्या कानात कन्नडातच आहे. शाळेत मास्तर बेरीज समजावतात तसा शांत. आम्ही सवारांच्या घरातली माणसं. सरकार घोड्यावर बसलेलं बघायची आम्हाला सवय. सरकार हात वर करून उन्हात उभं राहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही कुणासमोर, तर माझ्यासारख्या तेलकट हातांच्या ड्रायव्हरसमोर. मी त्यांच्या कोटाला हात लावला तेव्हा माझे डोळे भरून आले. खिशात तपकिरीची डबी निघाली, रुमाल निघाला, आणि देवळातल्या अंगाऱ्याची पुडी. पागोट्याची घडी उलगडून बघायलाही त्यांनीच सांगितलं. मग ती नीट बसेना, तेव्हा ते हसून म्हणाले, "असू द्या, घरी गेल्यावर बांधीन."

गंगव्वा गाडीतून ओरडली, "मलापण बघू दे की! माझ्या टोपलीत हात घालणार आहेत ते!"

लोक हसले. इन्स्पेक्टर हसले नाहीत. "बरोबर आहे, अव्वा. या, बघा. आणि तुमची टोपली गावातली बाईच बघेल. बायकांच्या अंगाला आणि सामानाला आमचा हात लागणार नाही." गंगव्वानं खरोखर खाली उतरून त्यांचे खिसे चाचपले, तपकिरीची डबी उघडून हुंगली, शिंकली आणि म्हणाली, "स्वच्छ आहे."

"आता दफेदार," इन्स्पेक्टर म्हणाले.

"मी नाही चढत गाडीवर, बुद्धी. शिपाई बघेल."

"चढू नका. पण बातमी तुम्ही आणलीत, तेव्हा झडती तुम्हीही द्याल. कांबळं ड्रायव्हरच्या हातात द्या."

दफेदारानं इकडेतिकडे पाहिलं. पुढे दोन पंच, मागे गाडीभर माणसं, सगळी त्याच्याकडे बघताहेत. त्यानं कांबळं खांद्यावरून उतरवलं. मी हातात घेतलं आणि वास आला. चंदनाचा गाभा लपत नाही. कांबळ्याच्या आतल्या शिवलेल्या घडीत हातभर लांब तुकडा होता.

मग इन्स्पेक्टरांनी पंचांना विचारलं, "कुठून निघालं ते बघितलंत?"

मोटारीचा वैरी मुद्दाचारी पुढे झाला. "बघितलं, स्वामी. मोटारीत कुणी पाय ठेवायच्या आधीच निघालं. कांबळ्यातून." एवढं म्हणून तो माझ्याकडे न बघता बाजूला थुंकला. त्या माणसाला मी आजही नमस्कार करतो.

मला वाटलं, संपलं. पण नाही. दफेदाराला शिपायाच्या हवाली करून इन्स्पेक्टर म्हणाले, "आता गाडी," आणि पंचांना सोबत घेऊन त्यांनी गाडीची रीतसर झडती घेतली. मी सुटलो म्हणून गाडी सोडली नाही. गादी माझ्याकडूनच उचलून घेतली. टाकी, बांबूची काठी, पान्यांची पेटी, सगळं पाहिलं. मागच्या बाकाखाली तिकीट न काढता आणलेला एक कोंबडा सापडला, त्याचा मालक मात्र सापडला नाही.

निघताना मी त्यांना अण्णाची हकीकत सांगितली. त्यांनी मधे न बोलता ऐकली आणि विचारलं, "त्या वेळी पंच होते?"

"नाही, स्वामी."

"दफेदारानं स्वतःची झडती दिली होती?"

"नाही."

"तुमच्या भावानं मागितली नाही?"

"मागता येते हेच कुठं ठाऊक होतं?"

"मागता येते," ते म्हणाले. "तेव्हाही येत होती."

मी त्या दिवशी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, तेव्हाही येत होती. कायदा तिथंच होता, चौकीवर, अण्णाच्या शेजारी उभा. नुसता आवाज द्यायचा होता. माझ्या मनात नवल मावत नव्हतं आणि त्याच नवलाच्या पोटात इतकं दुःख होतं की मी भोंगा उगाचच वाजवत राहिलो. अण्णाच्या वतीनं पुढं अर्ज केले. मुदत केव्हाच टळली होती, कैद भोगूनही झाली होती. बिल्ला परत मिळाला नाही. नावावरचा डाग सरकारी कागदात तसाच राहिला.

घरी आलो तेव्हा आप्पा ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पागोटं त्यानं स्वतः काढून दिलं?"

"हो आप्पा. माझ्या हातात."

"नोडू, नोडू. बघ, बघ," ते पुटपुटले. त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

दसऱ्याच्या दिवशी आप्पांनी जुना लष्करी कोट बाहेर काढला, पितळेची बटणं घासली, फेटा बांधला. अंबारी जायची त्या रस्त्याच्या कडेला उभं राहून महाराजांना सलाम करायचा, हा त्यांचा नेम होता. तापातसुद्धा त्यांनी तो मोडला नव्हता. आम्ही सगळे बरोबर निघालो. गल्लीच्या तोंडाशी सगळी म्हैसूरनगरी राजवाड्याकडे लोटली होती. आप्पा थांबले आणि उलटे वळले.

"आप्पा, इकडं! मिरवणूक इकडं!" माझी बायको म्हणाली.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुम्ही जा."

मी एकटा त्यांच्या मागून गेलो. समोरून येणारी गर्दी त्यांचा कोट बघून वाट करून देत होती. काठी टेकत, धापा टाकत ते जटक्यांच्या अड्ड्यापर्यंत आले. अड्डा रिकामा होता, सगळे मिरवणुकीला गेलेले. फक्त अण्णा होता, मागच्या खोलीच्या दारात, हातात खरारा घेऊन. आप्पांना पाहून तो उभा राहिला.

आप्पा उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. आयुष्यात त्यांनी कुणाच्या दारात परवानगी मागितली असेल असं मला वाटत नाही. पोराच्या दारात तर बाप मागतच नाही. त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

"माधवा," ते म्हणाले, "मी तुला विचारायला पाहिजे होतं. मी आत येऊ का?"

राजवाड्याकडून तोफा सुरू झाल्या. अण्णानं खरारा खाली ठेवला, धोतराला हात पुसले, आणि दारातून बाजूला झाला.